काळा करकोचा आणि आमरी

आमचे हे पक्षी बघायला निघाले की गाडी चालवत नाहीत, उडवतात. मी "अहो, थांबा ना, आमरी होती" म्हणेपर्यंत ती मागे पडलीसुद्धा. रस्त्याच्या कडेला, उंच गवतात, पांढऱ्या फुलांचा एकच सरळ तुरा.

"झाड कुठं पळून जातंय? परत येताना बघू," हे म्हणाले. तळ्यावर काळा करकोचा उतरल्याचा मेसेज आला होता, मग आमचं कोण ऐकतंय.

मी रोपवाटिकेत काम करते. प्लास्टिकच्या कुंड्यांतली परदेशी ऑर्किडं विकते आणि पाणी किती घालायचं ते गिऱ्हाइकांना शिकवते. आमरी म्हणजे रानातलं, मातीतून आपणहून उगवणारं ऑर्किड. फुललेली आमरी मी फक्त फोटोत पाहिली होती. आणि आम्ही आजवर थांबलो ते शेपटी हलवणाऱ्या प्रत्येक पाखरासाठी, फुलासाठी एकदाही नाही. यांचं 'परत येताना' म्हणजे अंधार पडल्यावर, हे मला पाठ झालंय.

थोडं पुढे गेलो तर समोरून कडेचं गवत कापत ट्रॅक्टर येत होता. आमरीच्याच दिशेनं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

तळ्याकाठी हे झुडपाआड बसले. मी बसले, उठले, पुन्हा बसले.

"तुला काय मुंग्या चावतायत का?"

"किल्ली द्या."

पाण्यावरची नजर न हलवता यांनी खिशातून किल्ली काढून दिली. मी गाडीतली पाण्याची बाटली आणायला चालले असं वाटलं असावं. मी गाडी काढली आणि सुटले.

ट्रॅक्टर आमरीच्या जरासा अलीकडे उभा होता. चालक सावलीत डबा खात होता.

"दादा, एवढं एक झाड सोडाल का?"

"ताई, मला अख्खी कडा साफ करायला सांगितलंय. उद्या साहेब विचारणार, हा झुपका कुणासाठी ठेवला? फोटो काढून घ्या हवं तर."

म्हणजे त्याचं जेवण होईपर्यंतच वेळ. मी फुलासमोर गुडघे टेकले, पण बघता कुठं येतंय? एक डोळा त्याच्या डब्यावर. तेवढ्यात फोन वाजला.

"कुठे आहेस?" हे कुजबुजत होते. "आलाय तो. पलीकडच्या काठाला. आणि मोठी दुर्बीण गाडीत."

मी वळून पाहिलं. मागच्या सीटवर ती तिपाईसकट आडवी पडली होती. एवढा पक्षीवेडा माणूस, आणि घाईत नेमकी तीच विसरला.

"गळ्यातली आहे ना?"

"तिच्यात नुसता ठिपका दिसतोय गं. येतेस ना लगेच?"

चालकानं डब्याचं झाकण लावलं. मला रागही आला आणि रडूही.

"नाही येत," मी म्हटलं. "मी हलले की ट्रॅक्टरवाला आमरी कापून टाकेल."

ट्रॅक्टर सुरू झाला. फोन कानाला तसाच ठेवून मी आमरीच्या पुढ्यात पाय रोवून उभी राहिले. चालकानं हॉर्न वाजवला. मी हलले नाही. त्यानं आणखी एकदा वाजवला, मग कपाळाला हात लावला, पातं वर उचललं आणि पुटपुटत वळसा घालून गेला.

"गेला का?" यांनी विचारलं.

"गेला."

"कसं आहे फूल?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. मी खाली बसले. "पाकळ्यांच्या कडा दोऱ्यासारख्या कातरलेल्या आहेत. आणि प्रत्येक फुलामागे एक बारीक हिरवी नळी लोंबतेय..."

"उडाला," हे म्हणाले.

आता ऐकून घ्यावं लागणार, अशी मनाची तयारी केली.

"सांग ना," हे म्हणाले. "नळी केवढी लांब आहे?"