नऊ इंच

“नऊ इंच.” वैशालीनं टेप कपाटाच्या कडेला दाबून धरली. “कपाटापासून भिंतीपर्यंत. यात कॉम्प्युटर बसेल.”

“नऊ इंचात काय बसणार? झाडू?” संघर्ष खाटेवरून म्हणाला. “जरा थांब ना. नव्या बिल्डिंगमध्ये रूम मिळाली की घे मोठा, लाइटवाला. मी पण खेळेन.”

“दादा, आपला नंबर लागेपर्यंत मी तिशीची होईन. सिलेक्शन पुढच्या रविवारी आहे.”

वरळीच्या बीडीडी चाळीतली त्यांची खोली एकशेसाठ चौरस फुटांची. त्यात तीन माणसं, आणि तसबिरींची एक भिंत, जिला काहीही टेकवायचं नाही असा आईचा, कौसल्याबाईंचा, नियम. वैशाली सहा वर्षं परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर होती. नाव, वय, उपाशीपोटी आहात का, बाटलीवर चिकटवायची चिठ्ठी. सुटली की करी रोडच्या गेमिंग कॅफेत जाऊन पाच जणांच्या संघानं खेळायचा नेमबाजीचा खेळ खेळायची. संघातल्या चौघांना शत्रू कुठून येतोय ते सांगत राहणं, हे तिचं काम. कॅफे जानेवारीत बंद पडला. मार्चमध्ये एका व्यावसायिक संघानं एक जागा जाहीर केली. पूर्ण वेळची नोकरी. चाचणी घरून, स्वतःच्या कॉम्प्युटरवर. तीन सामने, त्यातले दोन जिंकायचे.

कॉम्प्युटरचा दुकानदार मोठा कॅबिनेटच घ्या म्हणत होता. वैशालीनं मापांचा कागद पुढे केला. “आतले पार्ट तेच ना? स्पीड तोच?”

“तोच. फक्त मोठ्यात हवा खेळती राहते, मॅडम. छोट्याची जाळी मोकळी ठेवायची. गरम हवा वरून जाते.”

“ठेवीन मोकळी.”

तो छोटा कॉम्प्युटर तिनं कापडी पिशवीत घालून बसनं घरी आणला, तिसऱ्या मजल्यावर स्वतः चढवला. तांदळाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा. कपाट आणि भिंतीच्या फटीत उभा राहिला, दोन्ही बाजूंना बोटभर जागा ठेवून. पाहुणे आले की एका हातानं उचलून पोटमाळ्यावर. संघर्षनं तो हातात तोलून पाहिला आणि झाडूवर पुन्हा बोलला नाही.

रविवारी ती लॅबमधून तीनला घरी आली. सामना साडेतीनला. कॉम्प्युटरवर निळ्या फुलांचं कव्हर होतं.

कौसल्याबाईंच्या घरात मिक्सरला कव्हर होतं, टीव्हीला होतं, शिलाई मशीनला तर दोन. हे त्यांनी सकाळभर बसून शिवलं होतं. वायरींसाठी मागे काजं केली होती, एकेक मापून.

“धूळ नको बसायला,” त्या म्हणाल्या. “आवडलं?”

वैशालीला दुकानदाराचे शब्द आठवले. आईच्या बोटाला सुई टोचल्याचा ठिपकाही दिसला. अर्ध्या तासाचा पहिला सामना. नंतर काढू, असं तिनं ठरवलं.

“मस्त आहे,” ती म्हणाली आणि हेडफोन चढवला.

अकराव्या मिनिटाला स्क्रीन काळी झाली. कव्हर वरून इस्त्रीसारखं तापलं होतं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू होईपर्यंत सामना गेला.

“माझ्यामुळे बंद पडला का गं?”

“वरून हवा लागते त्याला, आई.”

“मग बोलली का नाहीस? तोंड शिवलं होतं का मी?”

कौसल्याबाईंनी कव्हर स्वतः ओढून काढलं. “माझं मन नंतर सांभाळ. आता खेळ.”

दुसरा सामना वैशालीनं जिंकला. तिसरा सुरू झाला तेव्हा पाच वाजायला आले होते. पाचला चाळीत पाणी येतं, पाऊण तास. भरायची पाळी तिची होती, आणि पिंपात पाणी पडायला लागलं की त्या खोलीत फोनवर बोलणंही ऐकू जात नाही. निवड करणारे तिचा शब्दन् शब्द ऐकत होते. तिनं माईक ओठांजवळ ओढला. सामन्यांचं वेळापत्रक बदलून मागायचं नाही, हे तिचं आधीच ठरलं होतं. ती संघाला सांगत राहिली : डावीकडून दोन. जिन्यावर एक. थांब. आता.

पाच सव्वीसला निकाल आला. सामना तिचा होता. मागोमाग मेसेज आला : जागा तुमची, सोमवारी भेटू.

तिनं हेडफोन काढला आणि पिंपं रिकामी राहिली या भीतीनं मोरीकडे वळली.

संघर्ष ओल्या लादीवर उकिडवा बसला होता. नळाच्या तोंडाला त्यानं जुन्या बनियनची लांब पट्टी बांधून तिचं टोक पिंपाच्या तळाशी सोडलं होतं. पट्टीवरून पाणी न वाजता खाली उतरत होतं. एक पिंप काठोकाठ भरलं होतं, दुसरं भरत आलं होतं. कौसल्याबाई दारात उभ्या होत्या, गॅलरीतून येणाऱ्या प्रत्येकाला ओठांवर बोट ठेवून अडवत.

“झालं?” संघर्षनं नुसत्या भुवया उंचावून विचारलं.

तिनं होकारार्थी मान हलवली. नळ अजून चालू होता. तिनं वाकून पट्टीची गाठ सोडली आणि पाणी धो धो वाजत पिंपात पडू लागलं.