लोखंडाला प्राण

सलग चौथ्या गुरुवारी सकाळी सावरदऱ्याच्या मठापुढं मुंगीला शिरायला जागा नव्हती. रेणापूरकडून जीपगाड्या भरभरून येत होत्या. बाया कडेवर लेकरं घेऊन मांडवात घुसत होत्या, आणि सगळ्यांची नजर झेंडूच्या जाड माळांनी मढवलेल्या एका जुन्या लाल ट्रॅक्टरवर होती.

तो ट्रॅक्टर पंचक्रोशीला ठाऊक होता. पन्नास वर्षांपूर्वी गावातल्या सटवाजींच्या वडिलांनी आणला तेव्हा गावानं त्याची मिरवणूक काढली होती. बावीस वर्षांपूर्वी नांगरता नांगरता सटवाजी त्याच्या सीटवरच गेले, हृदय बंद पडून. तेव्हापासून तो बांधावरच्या बाभळीखाली गंजत उभा. सायलेन्सरात चिमण्या राहायला आल्या. गाव म्हणायचं, सटवाजींचा जीव त्यात अडकलाय.

"बॅटरीची पेटी बघून घ्या!" चौरंगावर बसलेले सजीवनाथ महाराज कडाडले. शिष्यानं रिकामी पेटी चारी बाजूंना दाखवली. "बॅटरी न्हाई, चावी न्हाई! शिकलेले म्हणतेत, मेलेलं लोखंड हाय. अरे, तुमच्यासाठी मेलेलं! आमी ह्याला मठात आणून चाळीस दिवस बंद शेडात अनुष्ठान केलं, तवा यमाच्या रजिस्टरातून ह्याचं नाव खोडलं!"

महाराजांच्या बोलण्यातला यम नेहमीच असा असायचा, ओळखीचा कारकून असल्यासारखा.

महाराजांनी बॉनेटवर तळवा ठेवला, डोळे मिटले. "ऊठ, लोखंडा!"

ट्रॅक्टर थरथरला, खोकला, काळ्या धुराचा लोट सोडून धडधडू लागला. मांडवात किंकाळी उठली. कुणी रडलं, कुणी जमिनीवर आडवं झालं. मिनिटभरानं महाराज "शांत हो" म्हणाले आणि इंजिन गप झालं.

"लोखंडाला प्राण देतो, तर मांसाला का न्हाई देणार?" महाराज हसले. "औषधं सोडा. इथं या."

पहिल्याच रांगेत सटवाजींची बायको साखराबाई हात जोडून बसली होती. तिच्या शेजारी तिची भाची तनुजा. तनुजा अहमदपूरला आयटीआयमध्ये डिझेल इंजिनचा वर्ग शिकवायची. आत्यानं दहादा फोन करून बोलावलं म्हणून ती आली होती. बाकीचे रडत होते तेव्हा ती डोळे मिटून इंजिन ऐकत होती. एकसारखा, स्वच्छ ठोका. प्राण कुणाचा का असेना, टायमिंग मात्र कुणातरी जाणत्या माणसानं लावलेलं होतं.

दर्शनाच्या रांगेत ती ट्रॅक्टरपाशी पोचली आणि थबकली. डिझेल पंपाचे बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून त्यांना बारीक तार बांधलेली होती. तारेचा पीळ उलटा होता, डावखुऱ्या हाताचा. हा पीळ तिनं लहानपणापासून पाहिला होता. असा पीळ फक्त तिचे वडील, रेवणसिद्ध मिस्त्री, द्यायचे.

घरी आल्यावर आत्या लंगडतेय हे तिच्या ध्यानात आलं. डाव्या पायाला फडकं होतं.

"चप्पल चावली गं. लई न्हाई."

तनुजानं फडकं सोडलं. अंगठा काळा पडला होता. वास येत होता.

"आत्या, इन्सुलिन घेतेस ना?"

"तीन आठवडे झाले सोडून, ट्रॅक्टर पैल्यांदा चालू झाला त्याच दिशी. सगळ्या बाटल्या मठाच्या विहिरीत सोडल्या. महाराजांनी अंगारा दिलाय."

"अगं, पाय सडायलाय तुझा! चल, आत्ताच्या आत्ता लातूरला."

साखराबाईनं पाय ओढून घेतला. "ह्यांच्या ट्रॅक्टरात जीव घातला त्यांनी, डोळ्यांनी बघितलंस न्हवं? मग माझ्या पायाची काय मातबरी? दवाखान्यात गेले तर अनुष्ठान मोडंल."

तासभर विनवून उपयोग झाला नाही. तनुजा उठली आणि अहमदपूरला गेली.

रेवणसिद्ध गॅरेजच्या दारात स्टुलावर बसला होता. पुढं काम काहीच नव्हतं. नव्या ट्रॅक्टरांना कंपनीची माणसं लॅपटॉप जोडून बघायची. त्याच्याकडं कुणी फिरकत नसे.

"अण्णा, सटवाजी मामांचा ट्रॅक्टर तुम्ही सुरू केलात."

त्यानं नाकारलं नाही. उलट त्याचा चेहरा क्षणभर उजळला. "पिस्टन पार धरून बसलते, तनू. पंधरा दिवस सिलिंडरात रॉकेल आन् तेल मुरवलं. मग लाकडाचा ठोकळा ठिवून हळूहळू ठोकले. रिंगा नांदेडच्या भंगारातून हुडकल्या. गॅस्केट हातानं कापलं. आवाज ऐकलास का? आयुष्यात असलं काम झालं न्हवतं माझ्या हातून."

"आणि श्रेय महाराजांचं?"

"शेडात मागल्या दारानं न्यायचे. म्हणले, कुठं बोलू नका. मला वाटलं, जाऊ दे, यंत्र तर जगलं." तो खाली बघत म्हणाला, "अक्का बावीस वर्सांनी हसली गं. तिला कसं सांगू, की हे आपल्या रेवणाचं काम हाय?"

"तुमच्या अक्कानं इन्सुलिन विहिरीत टाकलंय. अंगठा काळा पडलाय. तो ट्रॅक्टर बघून."

रेवणसिद्ध स्टुलावरून उठला. त्यानं गॅरेजचं शटर खाली ओढलं.

संध्याकाळच्या दर्शनाला तो तनुजाबरोबर मांडवात शिरला तेव्हा शिष्यांना वाटलं, हाही दर्शनालाच आलाय. तो थेट ट्रॅक्टरकडं गेला, झेंडूची माळ धरली आणि दोन्ही हातांनी ओढली. फुलं उधळली. आतून बोटाएवढी जाड काळी केबल निघाली. तो ती ओढतच गेला, ती सतरंजीखालून महाराजांच्या चौरंगाखाली पोचली. त्यानं चौरंगावरून खाली लोंबणारं भगवं कापड उचललं. खाली करकरीत नवी बॅटरी होती, आणि महाराजांच्या पायाशी एक बटण.

"ही बॅटरी. हे बटण पायानं दाबायचं. ही केबल स्टार्टरला जाते," रेवणसिद्ध सांगू लागला. "चवरी ढाळणारा तो शिष्य हाय न्हवं, तो एका हातानं चवरी हलवतो आन् दुसऱ्यानं इंजिन बंद करायची तार ओढतो. आन् बंद पडलेलं इंजिन मी दुरुस्त केलंय. मी, रेवणसिद्ध मिस्त्री. चाळीस दिवस त्या शेडात मी होतो, अनुष्ठान न्हाई."

"दारुडा हाय! बाहेर काढा!" महाराज ओरडले.

तनुजा पुढं झाली. तिनं बॅटरीवरून केबल सोडली आणि बाजूला फेकली. "घ्या महाराज. आता द्या प्राण."

हजार डोळे महाराजांच्या हातावर खिळले. त्यांनी तळवा ठेवला. मंत्र म्हटला. पुन्हा म्हटला. लोखंड थंडच राहिलं. "इथं अश्रद्ध पावलं पडलीत," ते पुटपुटले.

रेवणसिद्धनं केबल जोडली, बटण दाबलं. ट्रॅक्टर सुरू झाला.

मग एक म्हातारा पुढं आला आणि रेवणसिद्धच्या पायावर डोकं ठेवू लागला. मागून दोन बाया नारळ घेऊन आल्या. "खरा गुण तर ह्यांच्या हातात हाय!"

"अरे, पाया कशाला पडायलात!" रेवणसिद्ध दोन पावलं मागं सरला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ह्यात गुण न्हाई, देव न्हाई. रॉकेल हाय, हातोडी हाय, चाळीस वर्सांची सवय हाय. या, शिकवतो. पर पाया पडू नका रे!"

शिकायला कुणी पुढं आलं नाही. अर्धे लोक घरी गेले. उरलेल्यांतले काही म्हणाले, महाराजांनी मुद्दाम परीक्षा पाहिली. महाराज गर्दीतून निसटले, गाडीत बसले आणि गेले. तनुजानं जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. तपास चालू आहे, असं तिला दरवेळी सांगतात.

साखराबाईला त्याच संध्याकाळी उचलून लातूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस आधी आणलं असतं तर एका अंगठ्यावर भागलं असतं. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर तिनं भावाचं सगळं ऐकून घेतलं. रेवणसिद्ध पलंगाच्या कडेला बसून लेकरासारखा बोलत होता. "तू हसलीस, अक्का. म्हणून गप बसलो."

"माझ्या हसण्यापायी गप बसलास," ती सावकाश म्हणाली, "का नाव दुसऱ्याचं आसलं तरी तुझ्या हातच्या कामाचं कौतुक झालं म्हणून?"

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं तोंड भिंतीकडं केलं आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी गावातल्या बाया भेटायला आल्या. पायाकडं बघायचं टाळत इकडचं तिकडचं बोलल्या. मग उज्ज्वला नावाची शेजारीण हळूच म्हणाली, "महाराज आता देगलूरकडं हायेत म्हणं. कोरड्या बोअरला पाणी आणलं म्हणं त्यांनी."

"कसं आणलं?" साखराबाईनं विचारलं.

"आता ते आमाला काय ठावं, माय? आणलं म्हणतेत."

तनुजा काही बोलायला गेली, पण आत्यानं हातानं तिला थांबवलं. मग स्वतःच अंगावरची चादर बाजूला सारली. बायांना बघावं लागलं.

"हात जोडायच्या आधी इचारायचं असतं, उज्ज्वला. कसं झालं, कुणी केलं, समोर पुन्यांदा करून दाव म्हणायचं. देव आसंल तर त्याला राग येत न्हाई, आन् माणूस आसंल तर त्याला उत्तर देता आलं पाहिजे. एवढं इचारायला काय बी लागत न्हाई. मी न्हाई इचारलं. तुमी तरी इचारा."