टेबलाच्या एका पायासाठी

"मॅडम, जराशा बाजूले व्हा. लागंन तुमाले," शाळेचा शिपाई लहानू म्हणाला.

तो आणि दोन मजूर वाचनालयातलं लांब सागवानी टेबल आडवं करून दारातून काढत होते. ग्रंथपाल देवकीबाई दारातच उभ्या होत्या.

"एक पाय डुगडुगतो, एवढंच लिहिलं होतं रे मी अर्जात."

"मले काय सांगता? हेडसर म्हणते, सगळं खाली करा."

मुख्याध्यापक मार्तंड सर फोन हातात घेऊन आलेच. "बाई, तुमच्या अर्जानं काम केलं बरं का. मधुकररावांनी अख्खा वाचनकोपराच दिला." मधुकरराव शाळेचे माजी विद्यार्थी. शहराबाहेर वाडीला त्यांची गोदामं होती.

"पण मुली लिहितील कशावर?"

"वाचनालय आहे ना? वाचतील. लिहायला वर्ग आहेत."

"वर्गांना पाचला कुलूप लागतं, सर."

सरांनी फोन कानाला लावला.

देवकीबाई याच शाळेत शिकल्या होत्या. घरी एक खोली, तिच्यात शिवणयंत्र, खोकणारे आजोबा आणि भावंडं. दहावीचं सगळं गणित त्यांनी या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला बसून सोडवलं होतं. आता तिथं प्रीती बसे. तिचे वडील रात्रभर ट्रक चालवत आणि दिवसा अंधार पडेपर्यंत वाडीच्या भाड्याच्या एकाच खोलीत झोपत. घरात वहीचं पान उलटल्याचाही आवाज चालत नसे. तिची दहावीची परीक्षा महिन्यावर आली होती.

शनिवारी उद्घाटन झालं. भिंतीवर हिरवं झाड रंगवलेलं, त्याखाली बसायला दाण्यांनी भरलेल्या मऊ, रंगीबेरंगी बीनबॅगा. मधुकरराव फोटोसाठी एकीत बसले ते उठेचनात. शेवटी दोन शिक्षकांनी हात धरून त्यांना वर ओढलं. तिथं कोणी हसलं नाही. शिक्षकांच्या खोलीत मात्र सगळे चहा गार होईपर्यंत हसले.

सोमवारी शाळा सुटल्यावर प्रीती भूमिती घेऊन आली. वही आधी मांडीवर ठेवून पाहिली, मग ती जमिनीवर बसली आणि वही बीनबॅगवर ठेवली.

"काहून वं, गोल नाही निघून राहिला?" तिच्या वर्गातल्या मेघानं विचारलं.

"अवं, खालून दबून राहिलं ना हे."

तिनं कर्कटक आणखी जोरानं रोवलं. टोक वहीतून आरपार खाली गेलं. वही उचलताना कापड टर्रकन फाटलं आणि थर्माकोलचे पांढरे दाणे भसाभसा बाहेर आले. पंख्याच्या वाऱ्यानं ते खोलीभर उडाले. मुलींच्या वेण्यांना, गणवेशाला चिकटले. मेघा हसायला लागली. प्रीतीचा चेहरा पाहून गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी देवकीबाईंना बोलावलं. "पाचनंतर एकही मुलगी आत नको. महागाचं सामान आहे ते."

"मग टेबल परत आणू या."

"ते भंगारात गेलं."

"परीक्षा महिन्यावर आली आहे, सर. दुसरं एखादं टेबल तरी."

"रीतसर अर्ज द्या. पुढच्या सत्रात बघू."

देवकीबाई बाहेर आल्या. जिना उतरताना त्यांना अर्जातल्या आपल्याच अक्षराचा राग येत होता.

पाच वाजता त्यांनी वाचनालयाला कुलूप लावलं. मुली घरी गेल्या नव्हत्या. व्हरांड्याच्या पायऱ्यांवर बसून वरच्या पायरीचं टेबल करून त्या लिहीत होत्या. देवकीबाई त्यांच्यात जाऊन बसल्या.

लहानू फाटकाची साखळी घेऊन आला. "मॅडम, गेट लावा लागते मले."

"माझं काम राहिलं आहे."

"कोणतं?"

"बसायचं."

"अन् सर विचारतीन त काय सांगू?"

"सांग, बाई घरी जाऊन नाही राहिल्या."

 लहानूनं साखळी खांद्यावर टाकली आणि व्हरांड्यातला दिवा लावला.

प्रीतीनं देवकीबाईंच्या शेजारी फरशीवर वही ठेवली. यावेळी कर्कटकाचं टोक हललं नाही; पण तिचं कोपर देवकीबाईंना लागत होतं आणि हात पुरता फिरत नव्हता. देवकीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पायऱ्या उतरून खाली अंगणात गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.