एक्केचाळीस वेळा सॉरी

“कट! डॉक्टर, मास्क आधी काढा, मग मान हलवा. तुम्ही दोन्ही एकदम करताय.”

दिग्दर्शक वयाने मामांच्या मुलासारखा. मामांनी मास्क पुन्हा वर ओढला आणि लाल दिव्याच्या दारामागे जाऊन उभे राहिले. दार प्लायवूडचं होतं, आणि त्यामागे ऑपरेशन थिएटर नव्हतंच. दोन स्टुलं होती आणि एक झाडू. पुढच्या टेकला ते बाहेर आले, मास्क काढला, मान हलवली आणि म्हणाले, “आय ॲम सॉरी. आम्ही खूप प्रयत्न केले, पण...”

“ओके! नेक्स्ट!”

सिनेमागणिक एक धरली, तर ही एक्केचाळिसावी वेळ. सेटवर त्यांना सगळे डॉक्टरच म्हणत, खरं नाव चहावाल्यालाही ठाऊक नव्हतं. आपण मात्र त्यांना भाची म्हणते तसं मामाच म्हणू.

चोविसाव्या वर्षी मामांनी नाटकात एक आंधळा म्हातारा केला होता. मध्यंतरात ते मेकअपसकट बाहेर वाऱ्याला उभे होते, तर एका बाईने त्यांचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवून दिल्या. तो नट सिनेमात आला, पहिल्याच भूमिकेत पांढरा कोट अंगावर चढला, आणि पुढची सत्तावीस वर्षं उतरलाच नाही. चेहरा विश्वासू होता, हीच काय ती चूक. एकदा त्यांनी धीर करून विचारलं होतं, “हा माणूस आठ तास उभा राहून ऑपरेशन करून आलाय. तो आधी पेशंटच्या आईजवळ बसला तर?”

“बसलात तर फ्रेमबाहेर जाल,” उत्तर मिळालं. विषय संपला.

एक्केचाळिसाव्या सॉरीच्या दिवशी ते घरी पोचले, तर भाची येऊन बसलेली. ती खरीखुरी डॉक्टर होती, मेडिकल कॉलेजात शिकवायची.

“मामा, मुलांना आजार कळतात, औषधं कळतात. पण माणूस गेला हे नातेवाइकांना सांगायची वेळ आली की तोंडाला कुलूप. सराव द्यायचाय त्यांना. तुम्ही या ना.”

“म्हणजे तिथेही डॉक्टरच?”

“नाही हो. या वेळी दारातून बाहेर यायचं नाहीये. बाहेर वाट बघत बसायचंय.”

मामांचा चेहरा उतरला. “आता या वयात वर्गात सोंगं करायची?”

“सोंगं तिथेही करताच की,” मामी आतून म्हणाल्या. “इथे निदान बसायला तरी मिळेल.”

गुरुवारी सकाळी ते गेले. वर्गाच्या एका कोपऱ्यात बाक, समोर पडदा, भिंतीला टेकून सात मुलंमुली. भाचीने कागद दिला होता : पत्नी, वय सत्तावन्न, पहाटे छातीत दुखलं म्हणून आणली. बाकी सगळं कोरं. मामा बाकावर बसले. या माणसाने घाईत शर्टाचं बटण चुकीचं लावलं असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी तसं लावून घेतलं.

पडद्यामागून पहिला विद्यार्थी आला. उंच, नाकीडोळी नीटस. त्याने मास्क काढला, मान हलवली आणि म्हणाला, “आय ॲम सॉरी. आम्ही खूप प्रयत्न केले, पण...”

मामा चमकलेच. शब्द तेच. ‘पण’नंतरचं थांबणंसुद्धा तेच.

“कुठे शिकलास रे हे?” त्यांनी भूमिका सोडून विचारलं.

“असंच म्हणतात ना, सर? पिक्चरमध्ये...” त्याने त्यांना ओळखलं नव्हतं.

मामांच्या कानशिलांना चटका बसला. आपलं काम कुणाच्या लक्षात राहत नाही, हे दुःख त्यांनी कधीच पचवलं होतं. राहतं, आणि असं राहतं, हे मात्र नवीन होतं.

“पुन्हा ये,” ते म्हणाले.

तो पुन्हा आला, तेच बोलला. या वेळी मामांनी त्याच्याकडे भाबडेपणाने बघितलं. “बरं. मग घरी कधी नेऊ तिला? दुपारपर्यंत सोडाल ना?”

मुलगा गडबडला. “नाही... म्हणजे... प्रयत्न केले, पण...”

“हो, उपकार झाले तुमचे. मग दुपारी नेतो.”

कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं. एकामागून एक पाच जण आले. एकीने मशीनचे आकडे वाचले, एकाने पाठ थोपटून पळ काढला. दरवेळी मामांनी उभा केलेला नवरा वेगळा. एक चिडला, एक पाय धरायला वाकला, एक नुसताच घड्याळाकडे बघत राहिला. कुणाला काय चुकलं ते सांगावंच लागलं नाही.

शेवटी एक अबोल मुलगी आली. तिने बाकावर त्यांच्या शेजारी जागा घेतली.

“काका, काकू वारल्या. मी होते त्यांच्याजवळ.”

आणि ती थांबली. मामांनी या वेळी काही ठरवलं नव्हतं. त्यांच्या तोंडून निघालं, “तिचा चष्मा कुठाय?”

“माहीत नाही. शोधून आणते,” ती म्हणाली, पण उठली नाही. “जरा वेळाने. आधी बसते इथे.”

मामा रडले. ग्लिसरीन नाही, कॅमेरा नाही, चेहरा ओंजळीत. भाचीच्या हातातलं पेन थांबलं. वेळ संपल्याचं सांगायचं तीच विसरली.

“सुटी दे की आता पोरांना,” अखेर मामाच डोळे पुसत म्हणाले, आणि वर्गाने श्वास सोडला.

सगळे निघाले, तसा तो उंच मुलगा घुटमळत पुढे आला. “सर, मला परत एकदा करायचंय. मला ते... सांगताच आलं नाही.”

“मलाही नव्हतं येत,” मामा म्हणाले. “ये. एक्केचाळीस वेळा जरी लागल्या तरी मी बसलोय.”

चार वेळा लागल्या. चौथ्या वेळी त्याचा आवाज फाटला, पण सांगितलं त्याने. भाचीने वहीत पुढचे सगळे गुरुवार मामांच्या नावावर लिहून टाकले, विचारलंसुद्धा नाही.

कॉरिडॉरमध्ये आल्यावर मामा थांबले. एका सकाळीत बायको दहा-बारा वेळा गेली होती. त्यांनी घरी फोन लावला.

“काय हो? काय झालं?”

“काही नाही. सहज.”

“सहज कधी करता तुम्ही फोन? बरे आहात ना?”

“आहे. तू काय करतेयस?”

“काय करणार? कपाटाचं दार लावायला सुतार आलाय. उलटं लावून बसलाय मेला, आणि वर मलाच म्हणतो, कपाट वाकडं आहे. ऐकताय ना?”

“ऐकतोय,” मामा म्हणाले. त्यांनी भिंतीला पाठ टेकवली. “मग? पुढे काय म्हणाला तो?”