वरशाच्या घराचा धवला

"नाव गाळू नको गो. गाळलेलं नाव मांडवाबाहेर रडत उभं ऱ्हातं."

हा आवाज माझ्या सासूचा, ठमाबाईंचा. तेव्हा त्या माझ्या सासू झाल्या नव्हत्या, दुसऱ्या दिवशी होणार होत्या. मी हळदीनं पिवळी होऊन पाटावर बसले होते. आमच्या आगरी लग्नांत धवलारणीचा मान मोठा. ती मांडवात बसून धवले गाते आणि गाता गाता घरातल्या एकेकाचं नाव घेते. आधी देवांचं, मग पितरांचं, मग जित्या माणसांचं. खाडीकाठच्या गावांतून ठमाबाईंच्या गळ्याला तोड नव्हती, म्हणून मुलाच्या लग्नातही त्यांनाच गावं लागलं. माझ्या आईनं त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, धाकट्या जावेचं नाव नको, आमचं बोलणं नाही. तेव्हा त्यांनी हे उत्तर दिलं आणि पुढच्याच ओळीत माझ्या काकीचं नाव गळा उंचावून घेतलं. कुडाच्या पलीकडे उभी राहून ऐकणारी काकी पदरानं डोळे पुसत आत आली.

तो आवाज मी पुढे कधी विसरले नाही. म्हणूनच वरसे गावातल्या घराच्या, वरशाच्या घराच्या वेळी जे झालं ते मला कळलं. इतरांना नाही कळलं.

आमचं गाव पेणच्या पलीकडे, खाडीच्या कुशीत. अंगणाच्या पुढे मिठागरं, मागे भातखाचरं, आणि दोन्हींच्या मधे मातीचा बांध. एका उधाणात तो बांध फुटला. खारं पाणी खाचरांत शिरलं, विहिरीत शिरलं, चुलीच्या राखेत शिरलं. पाणी ओसरलं, पण खार गेला नाही. पुढच्या उन्हाळ्यांत आम्ही बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत रस्त्याला बसायचो. सासूबाईंचे पाय मिठागरात उभं राहून राहून फुटलेले; तरी माझ्या डोक्यावरचा एक हंडा त्या ओढून घ्यायच्या. मी नको म्हटलं की म्हणायच्या, "तुजी मान मोडली तर माज्या पोराला भाकर कोण देल?" प्रेमाचं बोलणंही त्यांना टोमण्याशिवाय जमायचं नाही.

माझा नवरा चंदर रोह्याजवळच्या एका कंपनीत लागला होता. शिफ्टसाठी पहाटेची एसटी, परतायला अंधार. त्याच्या खात्यातल्या कुणीतरी सांगितलं, वरशाला एक घर निघालंय. रोह्याला अगदी लागून. घरधनी हिरामण, खाडीपलीकडच्या गावचा. बाप गोविंदा कंपनीत होता, त्यानं नोकरीच्या कमाईवर ते घर बांधलेलं. आईमागोमाग बाप वारला आणि हिरामण आता पनवेलला जाऊन राहणार होता.

आम्ही तिघं बघायला गेलो. तीन खोल्यांचं कौलारू घर, पुढे ओटी, मागे चिकूचं झाड आणि झाडाखाली विहीर. चंदर भिंती ठोकून बघत होता. मी चूल कुठे मांडायची ते बघत होते. सासूबाई सरळ मागे गेल्या, पोहरा सोडला, ओंजळीनं पाणी प्यायल्या. थोडं थांबून पुन्हा प्यायल्या. मग ओल्या हातानं माझा चेहरा पुसला, लहान पोरीचा पुसावा तसा.

घर ठरलं. आता वकील कोण करायचा, यावरून मात्र आमच्या घरात आठवडाभर भाकऱ्या करपल्या.

हिरामण म्हणाला होता, "पेणला माजा वकील हाय. तुमचं-आमचं दोन्ही तोच बघील. तुमाला तरास नाय."

आम्ही त्या वकिलाकडे गेलो. पंख्याखाली मोठं टेबल, भिंतीला लाल पाठीची जाड पुस्तकं. त्यांनी आम्हाला चहा दिला, खुणेच्या जागा दाखवल्या आणि म्हणाले, "सह्या करा, बाकी माझ्यावर सोडा." चंदरला ते फार आवडलं. मला मात्र एकच खटकलं. घर कुठल्या दिशेला बघतं, हेही त्यांनी विचारलं नव्हतं.

"अहो, विकणाऱ्याचा वकील आपला कसा होईल?" मी एसटीत विचारलं.

"कागद काय विकणाऱ्याचा नि घेणाऱ्याचा वेगळा असतो?"

"वरमाय एकच असती दोन्हीकडची, तर लग्नात रुसलं कोण असतं?"

पुढच्या बाकावरचा अनोळखी म्हातारा हसला. चंदर खिडकीबाहेर बघत राहिला; पण रविवारी तो माझ्याबरोबर रोह्याला आला, सासूबाईही आल्या.

काळुराम वकिलांचं ऑफिस पिठाच्या गिरणीवर होतं. जिना चढताना पायांखाली जातं फिरल्यासारखी थरथर व्हायची. गिरणीत दळण घेऊन बसलेल्या बायांनीच मला त्यांच्याबद्दल सांगितलं होतं. "लई प्रश्न इचारतो," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "पन नंतर झोप लागते." त्या दुसरीच्या बोलण्यावर मी जिना चढले.

वकील पन्नाशीचे, खांद्यावर पिठाची पुसट भुकटी. कागदांना त्यांनी हातही लावला नाही. विचारलं, "पावसात बघितलंय का घर? विहीर कुणाची, सामाईक की घराची? सांडपाणी कुणाच्या दारात जातं?" मग चष्मा काढून म्हणाले, "ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर हिरामणचं एकट्याचं नाव असेल. बाप गेल्यावर पोरगा सांगतो तशी वारसाची नोंद होते. बापाच्या कमाईचं घर म्हणजे लेकीचाही वाटा लेकाइतकाच. आणि लेकी सांगायच्या राहून जातात आपल्याकडे. त्याला भावंडं किती?"

"एकुलता एक हाय," चंदर म्हणाला. "त्यानंच सांगितलं."

वकील सासूबाईंकडे वळले. "मावशी, तुम्ही धवलारीण ना? माझ्या बहिणीच्या मांडवात ऐकलंय तुम्हाला. या हिरामणच्या लग्नात गायला होतात?"

"गायले आसन."

"मग बहीण होती का कुणी? करवली कोण होती?"

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. खाली गिरणी घरघरत होती.

"आता आठवत नाय," त्या म्हणाल्या.

या बाईला माझ्या पणजीचं नाव ठाऊक होतं. कुणाच्या कुठल्या आत्यानं कुठल्या मांडवात कलश धरला, हे त्या भात पाखडता पाखडता सांगायच्या. आणि हिरामणची करवली आठवत नाही? पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी गप्प राहिले. त्या ओल्या हाताची माझ्या गालावरची थंडाई अजून गेली नव्हती.

काळुराम वकिलांनी पेपरात जाहीर नोटीस दिली: या घरावर कुणाचा हक्क असल्यास कळवावं. कुणी आलं नाही. चंदर रोज कुरकुरायचा. "पेणवाल्यानं कवाच उरकलं असतं. तुज्या वकिलाला घर विकत घ्यायचंय का घराची चौकशी करायचीय?" हिरामणही निरोपावर निरोप धाडी, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. मी देवासमोर दिवा लावताना काय मागावं तेच मला कळेना. घर मिळू दे म्हणावं, तर सासूबाईंचा तो पदर डोळ्यांसमोर यायचा.

त्या दिवसांत सासूबाईंचा गळा बसला. दोन लग्नांची बोलावणी त्यांनी परत पाठवली. "खोकला हाय," म्हणायच्या. मी रात्रंदिवस त्यांच्याजवळ असायचे. खोकल्याचा आवाज मी ऐकला नाही.

काळुराम वकिलांची एक रीत होती. खरेदीखतावर शिक्का सरकारी कचेरीत, पण त्याआधी ते एकदा मोठ्यानं वाचायचं ते विकायच्या घरात, ओटीवर, दोन्हीकडची माणसं बसवून. बाया आत चुलीपाशी नाहीत, ओटीवर. "घर कोण सोडतंय नि कोण येतंय, ते उंबऱ्यालापण कळू दे," असं ते म्हणत.

तसे आम्ही वरशाला बसलो. हिरामण भिंतीला टेकून, चंदर त्याच्यासमोर, मी आणि सासूबाई दाराशी. वकील वाचू लागले. उगवतीला रस्ता, मावळतीला ओहोळ, विहीर, चिकूचं झाड. मग आवाज न बदलता त्यांनी वाचलं, "कैलासवासी गोविंदा यांचा मी एकटाच वारस असून मला दुसरं भावंड नाही..."

सासूबाई पुटपुटल्या. आधी वाटलं, बसलेला गळा साफ करतायत. पण तो सूर होता. लग्नातला, जुना, पाण्यावरून येतो तसा.

*मांडवाच्या दारी गो, कलश कुणी आणिला,*
*हिरामण नवरा गो, कुणी त्याला ओवाळिला,*
*करवली आवडी बहीण, डोळा तिचा भरला.*

वकिलांनी कागद मांडीवर ठेवला.

"आवडी," सासूबाई म्हणाल्या. "आता आठवलं. थोरली बहीण हाय याची."

चंदरनं कपाळावर हात मारला. "आई, आठवायला आजचाच मुहूर्त सापडला?"

हिरामणचा चेहरा विटकरीसारखा झाला. "ती आमाला मेली," तो म्हणाला. "जातीबाहेर लगीन केलं तिनं. बाबांनी तिच्या नावानं आंघोळ केली."

"मेली असेल तर दाखला आणा," वकील शांतपणे म्हणाले. "जिती असेल तर तिला आणा. आंघोळीनं वारस धुतला जात नाही."

"दुसरं गिऱ्हाईक हाय माझ्याकडं."

"त्यालाही हे सांगावं लागेल. आता ओटीवरच्या सगळ्यांनी ऐकलंय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "हिरामण, तुमच्या बहिणीनं उद्या कोर्टात उभं राहून हे सांगितलं, तर या माणसांना घर सोडावं लागेल आणि तुम्हाला तिच्या डोळ्याला डोळा द्यावा लागेल. त्यापेक्षा आज सोपं आहे."

चिकूवर खार ओरडत होती. शेवटी हिरामण भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "कोलाडला आसते. हायवेला खानावळ हाय तिची. मी एसटीतून जाताना रोज बघतो."

हिरामणनं बहिणीला निरोप धाडला, आणि पुढच्या रविवारी ती आली तेव्हा आम्ही सगळे पुन्हा त्याच ओटीवर होतो. आवडी. चाळिशीची, हातावर तेलाचे डाग, हिरव्या पातळाची घडी आताच मोडलेली. उंबऱ्यापाशी तिचे पाय अडले. हिरामण उठला, काय बोलावं ते न सुचून त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली. सासूबाईंनी तिला पाटावर बसवून ओटी भरली, जशी माहेरवाशिणीची भरतात, खण, नारळ, तांदूळ. काळुराम वकिलांनी तिला सगळा कागद पुन्हा वाचून दाखवला. या खेपेला त्यात दोन नावं होती, आणि तिचा वाटा तिच्या हातात द्यायचं कलम होतं. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी फक्त म्हणाली, "माझं नाव आणखी एकदा वाचा."

वकिलांनी वाचलं.

चंदर उठून त्यांच्या पाया पडला. इतके दिवस शिव्या दिल्या होत्या म्हणून जरा जास्तच वाकला. वकील लाजले. "माझं काय आहे त्यात? मी नुसतं वाचतो. घराचं घरातल्याच कुणीतरी बोलावं लागतं." आणि सासूबाईंकडे वळून त्यांनी हात जोडले. "मावशी, तुमच्या आठवणीचे उपकार आहेत सगळ्यांवर."

सासूबाईंनी मान खाली घातली.

पुढे कचेरीतला शिक्का झाला, घर आमचं झालं. आजही थंडीत पोपटी लावली, मडकं उपडं घालून भोवती जाळ केला, की वालाच्या पहिल्या भाजल्या शेंगा काळुराम वकिलांच्या घरी जातात, आणि मागाहून एक पुडा कोलाडला. त्या गिरणीतल्या बाईचं खरं झालं. मला या घरात झोप लागते.

पण हे सगळं मी ज्या क्षणासाठी सांगत बसले तो त्याच दुपारचा आहे. सगळे पुढे चहा घेत होते. आवडी घराच्या मागे विहिरीवर गेली, आणि तिच्यामागे सासूबाई, आणि त्यांच्यामागे कप घेऊन मी. आवडीनं काठावर हात फिरवला. "बाबांनी खणली ही. माती मी उपसली," ती म्हणाली. "तेरा-चौदाची होते. पाणी लागलं तेव्हा पहिली ओंजळ बाबांनी मला दिली व्हती."

तिनं पोहरा सोडला, भरून वर घेतला आणि सासूबाईंपुढे धरला. "घ्या मावशी. तुमाला माझं नाव आठवलं. बारा गावच्या माणसांत एका तुमालाच."

सासूबाईंनी ओंजळ पुढे केली नाही. त्यांचे फुटलेले पाय ओल्या दगडावर तसेच उभे. मग त्यांनी आवडीचं मनगट पोहऱ्यासकट धरलं.

"आठवलं नाय गो," त्या म्हणाल्या. "मला पैल्या दिसापासून ठाऊक व्हतं. ही माजी सून टँकरखाली हंडे ओढते, तिला हे गोड पाणी मिळावं म्हणून मी तुजं नाव गिळून बसले व्हते."