विरघळलेली गुठळी

लॅबमध्ये कीर्तीला अठरा वर्षं झाली होती. रक्त गोठण्याची तपासणी म्हटलं की डॉक्टर तिलाच हाक मारायचे. सहा महिन्यांपूर्वी बुद्धप्रिया पुण्याहून शिकून आली, तेव्हापासून ते "बुद्धप्रियाला दाखवा" म्हणू लागले. कीर्तीला ते ऐकवत नसे.

मंगळवारी अक्कलकोटाकडची नागम्मा लेकीला घेऊन आली. दानेश्वरीची दाढ काढली होती. रक्त आधी थांबलं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झालं. कीर्तीनं नेहमीच्या तपासण्या केल्या.

"सगळं नॉर्मल आहे. काळजी करू नका."

तेवढ्यात बुद्धप्रियानं विचारलं, "मावशी, जन्मल्यावर हिची नाळ पडली तेव्हा रक्त आलं होतं का?"

"व्हय की! लई दिवस. तुमाला कसं कळलं?"

कीर्तीच्या अंगाचा तिळपापड झाला. हा प्रश्न तिनं अठरा वर्षांत कुणालाच विचारला नव्हता.

बुद्धप्रियानं दानेश्वरीच्या रक्ताची गुठळी युरियाच्या द्रावणात ठेवली, शेजारच्या नळीत एका निरोगी माणसाची. "गुठळी पक्की करणारा फॅक्टर तेरा रक्तात नसला तर ती यात विरघळते, ताई. नाळेतून रक्त येणं ही त्याचीच खूण. आपल्या नेहमीच्या तपासण्यांत तो दिसतच नाही."

'शिकवते मला!' कीर्ती मनात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. गुठळी शाबूत असू दे, एवढंच तिला हवं होतं. पण दानेश्वरीच्या नळीत नुसतं पाणी दिसत होतं. दुसरी गुठळी जशीच्या तशी होती. बुद्धप्रियाची काहीतरी चूक सापडेल म्हणून तिनं उरलेल्या नमुन्यावर स्वतः पुन्हा तपासणी लावली. दुपारपर्यंत तीही गुठळी विरघळली.

नागम्मा आल्यावर डॉक्टरांनी तिला आजार आणि उपचार समजावून सांगितले. बाहेर येताच तिनं कीर्तीचे हात धरले. "बाई, तुमी शोधलं म्हणून बरं झालं."

कीर्तीला ते गोड लागलं. तिनं हात सोडवून घेतले नाहीत. पलीकडे बुद्धप्रियानं ऐकलं होतं, पण तिनं मान वर केली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

"मी नाही," कीर्ती शेवटी म्हणाली. "मी तर नॉर्मल म्हणून मोकळी झाले होते. हिनं शोधलं."

नागम्मा तिकडे वळली, बुद्धप्रियाच्या तोंडावरून हात फिरवू लागली. कीर्तीला ते बघवेना.

संध्याकाळी बाकीचे गेल्यावर ती बुद्धप्रियाच्या टेबलाजवळ गेली.

"ते नाळेचं," ती तुटकपणे म्हणाली, "आणखी काय काय विचारायचं असतं?"

बुद्धप्रियानं शेजारची खुर्ची ओढून दिली.