खोदाळांची पिल्लं

अंगठ्याचा ठसाच होता तो. पानाच्या डाव्या कडेला, खालून चौथ्या ओळीशेजारी, तांबडा, सुकलेला, आतल्या रेषा मोजता येतील इतका स्वच्छ. आणि तो दोनशे बाराव्या पानावर होता, तर सुविधा आणि तिची मुलगी गौरवी काल दुपारी एकशे अठ्ठ्याण्णवव्या पानावर थांबल्या होत्या. तिथे खूण म्हणून घातलेलं बसचं तिकीट अजून तिथंच होतं. सुविधाने पुस्तक खिडकीपाशी नेलं. खिडकी बंद होती आणि काचेतून येणारा सकाळचा उजेडसुद्धा गाळून आल्यासारखा मातकट होता. तिने स्वतःचा अंगठा त्या ठशावर ठेवून पाहिला. ठसा खाली पूर्ण झाकला गेला. म्हणजे लहान हात. म्हणजे… पण पुस्तक डिचोलीच्या वाचनालयातलं, कुणाकुणाच्या घरी राहून आलेलं, आणि खाणीची तांबडी धूळ काय एकट्या सुर्ला गावातच उडते?

नऊ वर्षांची मुलगी. चौथीत, मराठी शाळेत. इंग्रजी आहे, पण ते 'गाय' आणि 'माझी शाळा' या निबंधांपुरतं. एवढं जाड इंग्रजी पुस्तक तिला कळणार नाही. कळणार नाही असं धरूनच तर दीड वर्ष हे चाललं होतं.

सहा खंडांची ती मालिका. एका नदीचे नऊ काठ, प्रत्येक काठावर प्राण्यांचं एक कूळ. पाणमांजरं शूर, बगळे शहाणे, ससे निरोप नेणारे. आणि नवव्या काठावर, जिथे झाडं नाहीत तिथे, ते — मांजराएवढे, तांबूस अंगाचे, फावड्यासारख्या पंजांचे, उजेडात डोळे मिचकावणारे, जमिनीखाली राहणारे. इंग्रजीत त्यांचं नाव उच्चारताना तोंडात चिखल भरल्यासारखं वाटायचं. सुविधाने वाचता वाचता मराठी करून सांगताना त्यांना खोदाळ म्हटलं, आणि तेच राहिलं.

लेखकाला खोदाळ आवडत नाहीत हे तिला पहिल्याच पानावर कळायला हवं होतं, इंग्रजी घेऊन बी.ए. झाली होती ती. पाणमांजरं चालत येतात, बगळे उतरतात. खोदाळ मात्र ओघळतात, बिळातून सांडतात. पाणमांजराला नाव असतं, बापाचं नाव असतं, एक गाणं असतं. खोदाळांमध्ये नाव मिळालेले आतापर्यंतच्या सगळ्या खंडांत मिळून तीन, त्यातलाही एक नुसता कानतुटका. ते यायच्या आधी त्यांचा वास येतो, दर वेळी. मूठभर दाण्यांसाठी ते सशांची वाट शत्रूला दाखवतात. आणि त्यांना धड बोलता येत नाही. त्यांच्या तोंडची इंग्रजी लेखकाने मोडून, अक्षरं गाळून, ओबडधोबड करून ठेवली आहे.

ते बोलणं मराठीत आणताना मी थांबले नाही, सुविधा स्वतःशी म्हणाली. विचार केला असता तर निदान तसं म्हणता आलं असतं. पाणमांजरांचा राजपुत्र माझ्या तोंडून आपोआप पुस्तकातलं मराठी बोलला, 'आम्ही सख्य करण्यासाठी आलो आहोत', आणि लगेच खालच्या ओळीत खोदाळाने तोंड उघडलं तेव्हा आलं ते, 'खंय जातस रे? हय कोण नाय.'

गौरवी हसून लोळली होती. "आई, हे तर आजीसारखे बोलतात."

आजीसारखे. सासूबाई मूळच्या दोडामार्गाकडच्या, खाणीच्या कामाला म्हणून चाळीस वर्षांपूर्वी इकडे आलेल्या. आणि माहेरी, पार्सेला, माझी आई? ती काय राजपुत्रासारखी बोलते? मी तरी कॉलेजात जाईपर्यंत काय बोलत होते… 'मी जातंय', 'माका नको'… वर्गातल्या दोघी माझ्याकडे बघून एकमेकींकडे बघायच्या, आणि मग एके दिवशी मी 'मी जाते' म्हणायला लागले, घरीसुद्धा. एक जीभ काढून दुसरी बसवावी तसं.

त्या दुपारनंतर खोदाळांना वाईट ठेवणं शक्यच नव्हतं. तिच्या मराठीत सशांची वाट मुंगसांनी दाखवली. दाणे चोरले ते दुष्काळ होता म्हणून. वास तिने गाळून टाकला. तिचा नवरा साईश खाणीवरचा मालाचा ट्रक, टिपर, लावून घरी यायचा तो पापण्यांपर्यंत तांबडा असायचा. गौरवी दारातच ओरडायची, "खोदाळ आला," आणि तो पंजे वाकवून, डोळे बारीक करून, "वाट दी गो, माका भूक लागली," म्हणत आत शिरायचा. हे सगळं तिच्या त्या खोट्यावर उभं होतं. उभं होतं म्हणजे चांगलं उभं होतं. खोटं तरी कशाला म्हणायचं…

मग पाचवा खंड आला.

पाचव्या खंडात पाणलोट येतो. खोदाळांची एक आई चार पिल्लांना घेऊन बिळात शिरते आणि घाबरून आतून चिखलाने तोंड लिंपून घेते. पाणमांजरं बाहेरून हाका मारतात. ती उघडत नाही. एवढंच, एक परिच्छेद. सुविधाने तो मनात वाचला तेव्हा गौरवी तिच्या दंडाला चिकटून बसली होती आणि तिच्या छातीतून अजून बारीक शीळ येत होती. डिसेंबरचा खोकला. खाण पुन्हा सुरू झाल्यापासूनचा. तेव्हाच तर सुविधाने खिडक्या लावून घ्यायला सुरुवात केली होती.

"मग?" गौरवीने विचारलं होतं.

मग त्या आईने मागच्या बाजूने, वर चढणीकडे, रात्रंदिवस उकरलं. अंधारात पिल्लं विचारायची, 'आये, खंय आसस गो?' आणि ती म्हणायची, 'हय, काजीच्या मुळात, उजवाडात.' अजून उजेड दिसलेला नसायचा, तरी म्हणायची. आणि सगळी वर आली. सर्वांत धाकटीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. तिचं नाव टिकली.

टिकली पुस्तकात कुठेच नाही. पण गेले चार महिने गौरवी पाणमांजरांचं काही विचारत नाही. टिकली काय खाते, टिकलीला दात आले का, टिकली आईपासून किती लांब जाऊ शकते.

हातातल्या या सहाव्या खंडाच्या दोनशे बाराव्या पानावर, आता सुविधाने उभ्याउभ्याच वाचलं, म्हातारा झालेला राजपुत्र आपल्या नातवंडांना पाणलोटाची हकिगत सांगतो. सोपी वाक्यं, मुलांसाठीची. आम्ही चौथ्या दिवशी उकरलं. आई मेलेली होती. चारही पिल्लं तिच्या पोटाशी मेलेली होती. खोदाळांना फक्त बंद करता येतं.

ठसा त्या शेवटच्या वाक्याशेजारी होता.

"सुविधा गो," सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, हातात सुपातले तांदूळ. "जनेल उघड मगे. घरात उबारो किती झालो बघ."

"खिडकी उघडली की धूळ येते, आई. आत्ताच टिपरची रांग गेली."

"धूळ येतलीच. म्हणान काय लोणच्यासारख्या बरणीत रवाचा? चेडू तुझा पिकात नाय, नासात." नातीवरून एवढं ऐकवून त्या खाली बसल्या, खडे वेचू लागल्या. "आनी ह्या काय, सकाळीच पुस्तक? कालचा रवला?"

"बघत होते जरा."

"बघ, बघ. रात्री साईश सांगी होतो, तुझे ते उंदीर आमच्यासारे बोलतत म्हणान."

"उंदीर नाहीत ते."

"मगे काय तर?"

सासूबाईंच्या बोलण्यात राग नव्हता, उलट थोडी ऐटच होती, पुस्तकात आपली भाषा आली म्हणून. सुविधा पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

गौरवीच्या उजव्या अंगठ्यावर आडवा व्रण आहे. गणेश चवथीला, नारळ खोवायला आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसली आणि पातं लागलं. डॉक्टरकडे पोचेपर्यंत सुविधाने तो अंगठा पदरात इतका घट्ट धरला होता की डॉक्टर म्हणाले, आता सोडा, रक्त थांबलंय, पण बोट निळं पडलंय. ठशात मधोमध एक पांढरी रेघ दिसत होती. व्रण? की कागदाचा धागा? डोळे बारीक करून पाहिलं की व्रण वाटायची, नुसतं पाहिलं की धागा. ती पुस्तक चाळू लागली. सत्तेचाळीसवर एक पुसट ठसा. एकशे तीनवर. एकशे साठवर दोन. बाकी पानं कोरी. पुन्हा पाहिलं, आणि मग सावकाश तिच्या लक्षात आलं की ज्या ज्या पानावर खोदाळ आहेत त्या त्या पानावर बोट टेकलंय, बाकी कुठे नाही. कुणीतरी एकच शब्द शोधत गेलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी गौरवीने पाटी पुढे केली होती. "आई, खोदाळ इंग्रजीत कसं लिहितात?"

आणि मी लिहून दिलं होतं. सुंदर अक्षरात.

मग पंधरा दिवस? रोज दुपारी माझ्याजवळ बसून ती ऐकत होती, टिकलीचे दात, टिकलीचं पळणं… की कालच वाचलं? की वाचलं आणि कळलं नाही? 'डेड' तर तिला येतं. मागच्या वर्षी कुत्र्याच्या धड्यात होतं. विचारावं? विचारलं आणि तिने वाचलेलंच नसलं तर मीच सांगितल्यासारखं होईल. नाही विचारलं तर… टिपर गेला, काच थरथरली. खोलीतली हवा सकाळपासून तीच होती आणि सुविधाला वाटलं, आपण ती वापरून संपवत आणली आहे.

पुढचं तिने केलं ते ठरवून नाही. दुपारचा भात शिजल्यावर पातेल्यातल्या गरम भाताचे आठ-दहा दाणे बोटावर घेतले, दोनशे बारावर कडेने चिरडले, वर दोनशे तेरावं पान दाबून बसवलं. वाचनालयाचं पुस्तक. तिथल्या पन्नाशीच्या त्या कमलताई, दर वेळी प्रत्येक पान उलटून बघणाऱ्या… बघू देत. वर तिने इस्त्री ठेवली, थंडच. ठसा आत राहिला. निरुपयोगी आहे हे कळत होतं, जे वाचलंय ते वाचलंय. तरी पान मिटल्यावर तिला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

एक वाजता गौरवी आली. दप्तर, चपला, "आजी, वास कसला, तिसऱ्यांचा?" सगळं नेहमीचं. सुविधा तिचे हात धुताना अंगठा बघत होती. व्रण होता. पण तो तर होताच.

"आई, दुखतंय. किती चोळतेस."

जेवणं झाली. सासूबाई बाहेर ओसरीतल्या बाल्कांवावर आडव्या झाल्या. गौरवी पुस्तक घेऊन आली, तिकीट काढून मुठीत धरलं, नेहमीसारखी दंडाला चिकटली. एकशे अठ्ठ्याण्णव. पानं गौरवीने उलटायची, हा नियम होता. सुविधा वाचत होती, मराठी करत होती, आणि स्वतःचा आवाज तिला शेजारच्या घरातून आल्यासारखा ऐकू येत होता. दोनशे पाच. दोनशे नऊ. गौरवी आज मध्ये काही विचारत नव्हती. दोनशे अकरा संपलं.

गौरवीचा हात आला. जाड झालेलं पान तिने चिमटीत उचललं, आणि थांबली. अंगठ्याने आणि बोटाने ते हलकेच चोळलं. आत सुकलेला भात करकरला. सुविधाकडे उत्तरं तयार होती: दमट जागेत राहिलं असेल, आधीच्या कुणीतरी काही सांडलं असेल, आपण ताईंना सांगू.

गौरवीने पान उलटून खाली ठेवलं. तळहाताने सपाट केलं.

"पुढे," ती म्हणाली.

दोनशे चौदावं पान वाक्याच्या मध्येच सुरू होत होतं. कोण उठलं, का उठलं, काहीच लागत नव्हतं. सुविधा त्या अर्ध्या वाक्याकडे बघत राहिली.

"आई," गौरवी म्हणाली, "टिकली आता केवढी झाली असेल?"

"मोठी… मोठी झाली असेल."

"पळते?"

"पळते ना. पार नदीपर्यंत जाऊन येते."

"एकटी?"

नदीपर्यंत एकटी… तिला हो म्हणायचं होतं, या एका गोष्टीत तरी.

"नाही, ती आईजवळच असते," गौरवीने स्वतःच सांगितलं. सावकाश, समजावून. सुई मुळीच दुखत नाही हे दवाखान्यात सांगताना सुविधाचा जो आवाज असतो, अगदी त्या आवाजात. "तिला आवडतं तिथे."

वळणावर टिपर आला. गौरवी उठली, खिडकीच्या फटीत कोंबायचं फडकं खाली पडलं होतं ते उचलून तिने नीट, कोपऱ्यापर्यंत बसवलं, हात फ्रॉकला पुसले आणि परत येऊन बसली. मग पुस्तक मिटलं, डोळेही मिटले, आणि त्यांच्या खेळातल्या बारीक आवाजात विचारलं,

"आये, खंय आसस गो?"

उत्तर पाठ होतं. चार महिने रोज दिलेलं. पण आज पहिल्यांदाच सुविधाच्या लक्षात आलं की प्रश्न विचारणारं पिल्लू घाबरलेलं नाही. ते कुठल्यातरी मोकळ्या जागेतून, वरून, तिला सापडावं म्हणून हाक मारतंय, आणि ती उत्तर देत राहील तोवर ते तिथून हलणार नाही.

"हय," ती म्हणाली. तिची जुनी जीभ, पार्सेची.

गौरवी डोळे मिटून उरलेल्या शब्दांची वाट बघत होती. काजीच्या मुळात. उजवाडात. सुविधाने तोंड उघडलं, आणि बंद खोलीतला तो मातकट उजेड बघत, तसंच उघडं ठेवलं.